बाळापासून आजोबांपर्यंत: खुणांची भाषा घरातल्या सगळ्यांनी शिकावी का? (सोलापूर)

रेवती_पूर्वभाग

नमस्कार मंडळी. मी अशोक चौकाच्या बाजूला लहानशी बालवाडी चालवते. माझ्या नणंदेचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे, आता दुसरीत आहे. त्याच्यासाठी म्हणून भारतीय सांकेतिक भाषा शिकायला लागले आणि आता बालवाडीतही वापरते. एक गोष्ट मला अगदी मनापासून पटली आहे. ही भाषा एकट्या त्या मुलाला येऊन उपयोग नाही. आईबापाला, आजीला, शेजारच्या चार पोरांना आली तरच त्याला बोलायला माणूस मिळतो. आणि ज्यांना ऐकू येतं त्यांनाही ती शिकून काहीतरी मिळतंच.

आधी एक गैरसमज. "हातवारे काय, कुणालाही येतात की," असं पुष्कळ जण म्हणतात. तसं नाही. हिला स्वतःचं व्याकरण आहे. हाताचा आकार, हात कुठे धरला, कसा हलवला, तळवा कुठे वळला आणि चेहऱ्यावर काय आहे, यातली एक गोष्ट बदलली की अर्थ बदलतो. विल्यम स्टोकी या अमेरिकन अभ्यासकानं १९६० साली हे पहिल्यांदा पद्धतशीर मांडलं. पुढे असंही दिसलं की मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर बोलणाऱ्याची वाचा जशी जाते, तशीच खुणांनी बोलणाऱ्याची भाषाही बिघडते, हात धडधाकट असले तरी. म्हणजे मेंदूच्या लेखी ही भाषाच आहे.

बाळांचं तर आणखी नवल. तान्ही मुलं सहा-सात महिन्यांची झाली की "बाबाबा, दादादा" करतात ना? लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ साली दाखवलं की कर्णबधिर आईबापांची कर्णबधिर बाळं त्याच वयात हातांनी बडबडतात. तेच तेच छोटे आकार, पुन्हा पुन्हा. त्यांच्या भोवती जी भाषा आहे तिची ती तयारी असते.

आता आपल्याकडची अडचण. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, असं अमेरिकेतल्या पाहणीत दिसलं आहे. आपल्या आजूबाजूला बघितलं तरी तेच चित्र आहे. घरात कुणालाच ही भाषा येत नाही. मग पहिली तीन-चार वर्षं मूल सगळ्यांची तोंडं हलताना बघत बसतं. भाषा रुजायची हीच तर वर्षं! त्या वयात कुठलीच भाषा धड मिळाली नाही तर पुढे वाचणं, हिशेब, मनातलं सांगणं, सगळंच अवघड होऊन बसतं. ऐकू न येण्यानं होणार नाही तेवढं नुकसान भाषा न मिळण्यानं होतं.

आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, मंगळवार पेठेत खरेदीला गेलं की कन्नड. शेजारी उर्दू. सोलापूरच्या पोराला चार भाषा कानावर पडणं हे काही नवीन नाही आणि त्यानं कुणाचं डोकं गोंधळलेलं मी तरी पाहिलं नाही. मग हातांची आणखी एक आली तर काय बिघडतं?

तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

---

होटगीरोडची_आई

रेवतीताई, वाचनखूण साठवली. माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे, तिला व्यवस्थित ऐकू येतं. हल्ली इन्स्टाग्रामवर "बेबी साइन" चे व्हिडिओ सारखे दिसतात. बाळ "अजून दे", "दूध", "झालं" हाताने सांगतंय. मलाही शिकवावंसं वाटतं. पण सासूबाई म्हणतात, हातानं मागायची सवय लागली की ती बोलायचीच नाही. खरंच बोलणं लांबतं का?

---

रेवती_पूर्वभाग

नाही लांबत. तुमच्या घरी ती टाटा करते का? "बाप्पाला नमो कर" म्हटलं की हात जोडते का? "जो जो" म्हटलं की मान तिरकी करते का? म्हणजे तुम्ही खुणा शिकवायला आधीच सुरुवात केली आहे. कुठलंही मूल टाटा शिकलं म्हणून मुकं राहिलेलं नाही.

जीभ, ओठ, श्वास यांचा मेळ बसायला वेळ लागतो, हात त्याआधी ताब्यात येतात. नवव्या-दहाव्या महिन्यात बाळाला कळत पुष्कळ असतं, सांगता येत नसतं. त्या मधल्या काळात चार खुणा आल्या तर रडारड कमी होते. बालवाडीत येणारी अडीच-तीन वर्षांची मुलंसुद्धा "शू आली" हे तोंडानं सांगायला लाजतात, खुणेनं लगेच सांगतात.

एकच पथ्य पाळा: खूण करताना शब्दही बोला. खूण आणि बोल सोबत. आणि मुलीनं वेडीवाकडी केली तरी चालेल, बोबडे बोल चालतात तसंच.

---

पुरावा_द्या

धागा चांगला आहे, पण एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. "बेबी साइन शिकवा, बुद्ध्यांक वाढवा" असं सांगून पैसे घेणारे ऑनलाइन कोर्स आहेत. तान्ह्या बाळांना खुणा शिकवण्याची कल्पना लिंडा अ‍ॅक्रेडोलो आणि सुसन गुडविन या दोघींच्या १९८० च्या दशकातल्या कामातून पुढे आली. त्यांना भाषेत थोडा फायदा दिसला होता. पण २००५ साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला तेव्हा पुरावा कच्चा ठरला. २०१३ साली एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये चाळीस बाळांना आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत पाहिलं. खुणा शिकवलेली मुलं इतरांपेक्षा लवकर किंवा जास्त बोलली नाहीत. उशिराही बोलली नाहीत.

म्हणजे होटगीरोडच्या ताईंच्या सासूबाईंची भीती निराधार आहे, आणि कोर्सवाल्यांचा दावाही. ऐकू येणाऱ्या बाळाला हुशार करण्यासाठी म्हणून कुणी यात पडू नये.

---

रेवती_पूर्वभाग

पूर्ण अनुमोदन. बरं झालं तुम्ही लिहिलंत. त्याच कर्क यांच्या अभ्यासातली दुसरी बाजूही सांगते. खुणा शिकवणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यायला लागल्या. खूण कळायची तर बाळाच्या हाताकडे, डोळ्यांकडे बघावं लागतं. एका हातात मोबाईल धरून ते जमत नाही. मला विचाराल तर ऐकू येणाऱ्या बाळाच्या घरी एवढा फायदाही खूप झाला. पैसे भरायची तर काहीच गरज नाही.

---

वाचा_उपचार

मी वाचा-श्रवण क्षेत्रात काम करते, सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतली मुलं बघते. दोन-तीन गोष्टी लिहिते, जरा लांबेल.

पहिली, सगळ्यात महत्त्वाची. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात श्रवण तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, हा जगभर मानला जाणारा क्रम आहे. ओएई नावाची तपासणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्यात शंका आली तर बेरा नावाची पुढची श्रवण तपासणी करतात. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात श्रवणदोष येतो. अंगणवाडीत तपासणीला पथक आलं की मूल आवर्जून दाखवा.

प्रत्यक्षात माझ्याकडे मुलं तीन-चार वर्षांची झाल्यावर येतात. "ह्याचा बाप पण उशिरा बोलला होता." "थाळी वाजवली की वळतो की!" थाळीचा हादरा जाणवतो, हात हललेला दिसतो, मूल वळतं. त्यावरून ऐकू येतं असं ठरवू नका. आणि आपल्या भागात मामा-भाची, आत्ते-मामे भावंडं अशी लग्नं अजून होतात. अशा घरांत आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते. त्या घरच्या बाळाची तपासणी तर मुळीच टाळू नका.

दुसरी गोष्ट. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, करायचं असेल तर जितकं लवकर तितकं चांगलं, केंद्राच्या दिव्यांगांसाठीच्या एडिप योजनेतून लहान मुलांना त्यासाठी मदत मिळते. यावर आमच्या क्षेत्रात खरा मतभेद आहे आणि तो लपवायचं कारण नाही. इम्प्लांट झालेल्या मुलाला खुणा शिकवू नका, त्याला कानावरच विसंबू द्या, असं मानणारे बरेच आहेत. २०१७ साली अ‍ॅन गिअर्स यांच्या अभ्यासात ज्या मुलांच्या घरी खुणा वापरल्या नाहीत त्यांचं बोलणं आणि वाचन जास्त चांगलं दिसलं. त्यावर लगेच टीकाही झाली, कारण त्यातल्या बहुतेक पालकांना मुळात अस्खलित सांकेतिक भाषा येतच नव्हती.

माझं मत मुलं बघून बनलं आहे. ऑपरेशनची तारीख, यंत्र बसवणं, त्यानंतरची थेरपी, पंढरपूर-अक्कलकोटहून येणाऱ्या आईची बसची धावपळ, यात दोन वर्षं कुठल्या कुठे जातात. यंत्र बंद पडलं, बॅटरी संपली, आंघोळीला काढलं की मूल पुन्हा शांततेत. तेवढा वेळ त्याला भाषेशिवाय ठेवणं मला पटत नाही. खुणा चालू ठेवा, बोलणंही चालू ठेवा.

तिसरी. डाउन सिंड्रोम असलेली, किंवा ऐकू येऊनही बोलायला खूप उशीर झालेली मुलं. त्यांच्यासाठी वाक्यातल्या मुख्य शब्दांनाच खूण करायची पद्धत आहे. "चल, जेवायला बस" म्हणताना फक्त जेवायची खूण. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात मार्गारेट वॉकर यांनी सुरू केलेलं मॅकटॉन याच धर्तीचं आहे. या मुलांना मनातलं सांगता येत नाही म्हणून ती चिडतात, आपटतात, चावतात. लोक म्हणतात पोर हट्टी आहे. चार खुणा हाती आल्या की कितीतरी पोरं निवळलेली मी पाहिली आहेत.

---

अनिकेत_बी

मी स्वतः कर्णबधिर आहे. छपाईच्या कामात आहे, कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. रेवती मॅडमनी धाग्याची लिंक पाठवली.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे वर्गात खुणा केल्या की हातावर पट्टी मिळायची. ओठ बघून बोलायचं, एवढंच. खरी भाषा आम्ही मधल्या सुट्टीत, मोठ्या मुलांकडून शिकलो. नंतर वाचलं की १८८० साली इटलीत मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद झाली, तिथे शाळांतून खुणा काढून टाकायचा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्याचा मार सोलापूरच्या पोराला शंभर वर्षांनी बसला.

ओठ बघून सगळं कळतं हा मोठा गैरसमज आहे. "पाट, बाट, माट" आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. समोरचा मिशीवाला असेल, तोंडात मावा असेल, उजेड त्याच्या पाठीमागून येत असेल, तर काही कळत नाही. दिवसभर ओठ वाचून डोळे आणि डोकं दोन्ही थकतं.

घरी काय होतं ते सांगतो. सणाला सगळे जमतात. कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे हसतात. मी बहिणीला विचारतो, काय झालं? ती म्हणते, "काही नाही, नंतर सांगते." नंतर कुणी सांगत नाही. माझ्या घरच्यांचं माझ्यावर प्रेम आहे, पण त्यांना "जेव, ये, जा, झोप" एवढंच हाताने येतं. वडील कसे लहानाचे मोठे झाले, आजोबा गिरणीत काय काम करायचे, हे मला मोठेपणी लिहून विचारावं लागलं. चुलत भावंडांना ते जेवताना आपोआप कळलं होतं.

होटगीरोडच्या ताईंसाठी: इन्स्टाग्रामवरच्या बहुतेक खुणा अमेरिकन आहेत. "अजून" म्हणून दोन्ही हातांची बोटं टेकवतात, "दूध" म्हणून मूठ दाबतात, त्या तिकडच्या. आपली भाषा वेगळी आहे. आपली इंग्रजी अक्षरं दोन हातांनी होतात, त्यांची एका हाताने. बाळाला शिकवायचंच आहे तर भारतीय खुणा शिकवा. उद्या ती मला किंवा रेवती मॅडमच्या भाच्याला भेटली तर बोलू शकेल. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश फुकट आहे, प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ. २०१८ मध्ये तीन हजार शब्द होते, २०२१ पर्यंत दहा हजार झाले. यूट्यूबवर बघता येतो.

---

काउंटर_नंबर_तीन

अनिकेतदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी बँकेत काउंटरला असतो. महिन्यातून काही कर्णबधिर खातेदार येतात. सोबत कुणीतरी असतं, आम्ही सगळं त्या सोबतच्यालाच विचारतो. ते बरोबर नाही हे कळतं, पण मागे रांग असते. माझ्यासारख्यानं सुरुवात कुठून करावी? चाळिशी ओलांडली आहे, आता नवी भाषा येईल का?

---

अनिकेत_बी

येईल. मराठी माणसाला वाक्य जुळवणं जड जात नाही. आमच्याकडेही आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रिया. प्रश्नाचा शब्द शेवटी: "तुझं नाव काय", "घर कुठे". हेच आमचं नेहमीचं वाक्य.

अवघड जातो तो चेहरा. ऐकू येणारी मोठी माणसं चेहरा हलवायला लाजतात. हो-नाहीचा प्रश्न विचारताना भुवया वर जायला हव्यात. त्या गेल्या नाहीत तर तुम्ही विचारताय की सांगताय, हे समोरच्याला कळत नाही. लहान मुलांना हे एका दिवसात जमतं.

काउंटरवर आधी एवढं करा. माझ्याकडे बघून बोला, सोबतच्याकडे नाही. मान खाली घालून बोलू नका. मोठ्याने ओरडू नका, त्याने ओठ वाकडे होतात आणि रांगेतल्या सगळ्यांना माझा बॅलन्स कळतो. कागद-पेन ठेवा. मग अक्षरं शिका. पाच स्वर पाच बोटांच्या टोकांवर आहेत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ए, ई, आय, ओ, यू. नाव जुळवता आलं की खातेदार तुमच्याच काउंटरला येईल.

---

जुना_जॉबर

मला भाच्यानं हा धागा वाचून दाखवला, मी सांगतो आणि तो टाईप करतो. सगळी हयात एमआयडीसीत यंत्रमागावर गेली. चादर, टॉवेल. एका शेडमध्ये चाळीस-पन्नास माग. तिथं तोंडानं कोण बोलतंय? कांडी संपली, तार तुटली, मालक आला, जेवायला चल, सगळं हातानं. तेलुगूवाला, कन्नडवाला, मराठीवाला, सगळ्यांना एकच खूण. तुम्ही लोक भाषा म्हणालाव त्याच्यापुढं ती काहीच नाही, कामापुरती होती. पण हातानं बोलायची आम्हाला लाज कधी वाटली नाही.

आता कानाचं. मला माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. बाईमाणसांचं आणि नातवंडांचं तर अजिबात कळत नाही. टीव्ही मोठा केला की सून वैतागते. आमच्यातले बरेच जण असेच झालेत. या वयात ही भाषा शिकून उपयोग हाय का?

---

वाचा_उपचार

जॉबरकाका, तुमच्यासारखे पुष्कळ जण आमच्याकडे येतात. मागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो. आपल्याकडे आठ तासांसाठी नव्वद हीच कायद्यातली मर्यादा आहे. वर्षानुवर्षं असा आवाज झेलला की आतल्या कानातल्या बारीक केसपेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त हे उंच पट्टीतले. म्हणून "बोलणं ऐकू येतं, शब्द कळत नाही" असं होतं, आणि बायका-मुलांचं आधी जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीच्या पुढच्या चौघांपैकी एकाहून अधिक जणांना त्रास होण्याइतकं कमी ऐकू येतं. त्यात मागावर काम केलेल्यांचं लवकर जातं.

तुम्ही आधी श्रवण तपासणी करून घ्या आणि यंत्र लावा. हे टाळू नका, सिव्हिलला जा. खुणा यंत्राच्या जोडीला. सून, नातवंडं आणि तुम्ही मिळून घरातल्या पन्नासेक खुणा ठरवल्यात तरी दिवस सोपा जाईल. तुमचे हात आधीच सराईत आहेत. आणि जे पोरगे आज मागावर आहेत त्यांना सांगा, कानात बोळे घाला. स्पंजचे बोळे स्वस्त मिळतात.

---

मंगळवेढेकर

खूप माहितीपूर्ण चर्चा. एक विचारायचं होतं, या भाषेला सरकारी मान्यता आहे का? शाळेत विषय म्हणून घेता येतो का?

---

रेवती_पूर्वभाग

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत ती नाही, बधिर संघटनांची ती मागणी आहे. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाचं साधन म्हणून सांकेतिक भाषा स्पष्ट लिहिली आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात देशभर तिचं प्रमाणीकरण करायचं म्हटलंय. जुलै २०२१ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, माध्यमिक स्तरावर ती भाषा विषय म्हणून घेता येते. ऐकू येणाऱ्या मुलांनाही. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक टीव्ही उपक्रमाचं ३१ नंबरचं चॅनल पूर्ण याच भाषेसाठी आहे.

बालवाडीतला अनुभव राहिला होता. मी गाण्यांना आणि गोष्टींना खुणा लावते. जी मुलं एरवी मागे बसतात, तोंड उघडत नाहीत, ती हात लगेच उचलतात. वर्गात ओरडावं लागत नाही. हात वर करून खूण केली की एकमेकांचं बघून सगळे वळतात. भाचा सुट्टीत येतो तेव्हा ही पिल्लं त्याच्याशी भांडतातसुद्धा, हातानं. चेंडू कुणाचा यावरून. नणंद पहिल्यांदा ते बघून रडली होती. तोवर बाकीची मुलं त्याला एकतर टाळायची नाहीतर सांभाळून घ्यायची, बरोबरीनं कुणी भांडत नव्हतं.

गड्ड्याच्या यात्रेत तर आमचंच सोपं असतं. भोंगे, पाळण्यांचा गोंगाट, पिपाण्या, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. मी खाली, तो पाळण्यात वर, आणि आमचं बोलणं चालू.

---

होटगीरोडची_आई

ताई, कुठे एकत्र शिकता येईल का? व्हिडिओ बघून चेहऱ्याचं काही जमेना. सासूबाईसुद्धा येते म्हणाल्या.

---

रेवती_पूर्वभाग

रविवारी सकाळी हुतात्मा बागेत जमूया. शिकवायला कर्णबधिर माणूसच हवा, मी फक्त मदतीला. अनिकेत, तुम्ही याल का? पहिल्या दिवसासाठी यादी केली आहे, बघून काय कमी आहे ते सांगा: आई, बाबा, आजी, आजोबा, ताई, दादा, पाणी, दूध, भाकरी, भूक, दुखतंय, शू, झोप, ये, थांब, अजून, झालं, छान, राग आला, भीती वाटली, माझं, तुझं, नाव, काय, कुठे.

---

अनिकेत_बी

येतो. माझा मित्र आणि त्याची बायको दोघे कर्णबधिर आहेत, त्यांनाही आणतो. त्यांची मुलगी तीन वर्षांची आहे, तिला ऐकू येतं, दोन्ही भाषा येतात. ऐकू येणाऱ्या मुलांनी तिच्याशी खेळावं, शिकवण्यापेक्षा लवकर येईल.

यादीत "का" नाही. तो पहिल्याच दिवशी घ्या. आम्हाला लहानपणी "हे कर, ते नको" सगळ्यांनी सांगितलं, का ते कुणी सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारताही यायचं नाही. "कधी" पण घाला. आई कधी येणार हे कळलं नाही की मूल दारात बसून राहतं. "उद्या" आणि "काल" पण.

---

रेवती_पूर्वभाग

चारही घातले. जॉबरकाका, तुम्ही नातवंडांना घेऊन या, बागेत बाक आहेत. काउंटरवाले दादा, नावाची अक्षरं तुमच्यासाठी शेवटच्या अर्ध्या तासात घेऊ. चटया मी आणते, पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याने आणाव्यात.